मोबाइलच्या खेळातील चौपट दुर्बीण

मोबाइलवर नेमबाजीचा खेळ खेळताना बंदुकीवरची दुर्बीण डोळ्याला लावली की लांबचा शत्रू एकदम पुढ्यात येतो. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा असाच एक नेमबाजीचा खेळ आणला. विद्यार्थी मित्रांनो, अशा खेळांतली चौपट म्हणवणारी दुर्बीण खरेच चौपट दाखवते का? याचा निकाल लावायला पुठ्ठा, मोजपट्टी आणि दोरी एवढे सामान पुरे.

पुठ्ठ्यात १५ सेंटिमीटर रुंदीची खिडकी कापा. आडव्या धरलेल्या मोबाइलचा पडदा साधारण एवढाच असतो. आता मोकळे रान हवे. तुम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावसारख्या गावचे असाल तर सोयाबीन निघाल्यावर त्याला तोटा नाही. एक डोळा मिटा आणि खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरा. समोर २० मीटरवर दोन मित्रांना उभे करा आणि ते खिडकीच्या दोन कडांशी दिसेपर्यंत त्यांना बाजूला सरकवा. मग दोघांमधले अंतर मोजा. ते १० मीटरच्या आसपास भरेल. कारण सरळ आहे : ३० ला १५, तर २० ला १०. समरूप त्रिकोणांचेच हे गणित.

आता खेळाकडे वळू. पडद्यावर दिसणारा देखावा डोळ्याशी किती अंशांचा कोन करतो, हे खेळ रचणारा ठरवतो. हिशेबासाठी ९० अंश धरू. एवढ्या कोनात २० मीटरवरचे ४० मीटर रुंदीचे रान मावते. म्हणजे ज्या खिडकीत १० मीटर यायचे, तिच्यात ४० मीटर कोंबले! प्रत्येक वस्तू पाव आकाराची झाली. मग चौपट दुर्बिणीने काय साधले? रानात नुसत्या डोळ्यांनी माणूस जेवढा दिसला असता, तेवढाच तो आता दिसू लागला. यात लबाडी नाही. खराखुरा कोन ठेवला तर तो जेमतेम २८ अंश भरतो आणि खेळाडूची गत घाण्याच्या बैलासारखी होते. शेजारून कोण आले ते कळतच नाही.

दुर्बीण लावली की संगणक हा कोन लहान करतो, आणि नवशिक्या रचनाकाराची गफलत इथेच होते. चौपट हवे म्हणून तो ९० ला ४ ने भागून २२.५ अंश घेतो. त्या कोनात २० मीटरवर सुमारे ८ मीटर रुंदी दिसते. हवी होती १०. म्हणजे विशालन चौपट न होता पाचपट झाले. भागायचा असतो अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. ४५ अंशांचा टॅन्जंट १, त्याचा चौथा भाग ०.२५, त्याचा कोन सुमारे १४ अंश आणि दुप्पट केल्यावर २८. पुठ्ठ्याच्या खिडकीचा कोनही हाच, हे ध्यानात आले का?

खऱ्या दुर्बिणीत मोठे चित्र फक्त गोल चकतीत दिसते. भोवतालचे जग आहे तेवढेच राहते. खेळात हे हुबेहूब आणायचे तर एकच देखावा दोन कोनांतून दोनदा रेखाटावा लागतो. मोबाइलवर तो मोठाच भार, म्हणून पुष्कळदा सगळा पडदाच मोठा करून भागवतात. शिवाय ३२ मिलिमीटर भिंगाच्या चौपट दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशझोत ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलिमीटर जाड असतो. डोळा त्यातून जरा सरकला की कडेला काळी कोर चढते. अंगठ्याने खेळणाऱ्याला ती कशी दिसणार?

हाताचा कंपही दुर्बिणीत चौपट होतो. नेम धरणे सैनिकाला अवघड जाते ते यामुळेच. खेळात मात्र दुर्बीण लावली की बोटाच्या हालचालीला बंदूक कमी वळेल, अशी सोय ठेवतात. वास्तवाच्या नेमकी उलट, पण माझ्या मते योग्य. नाहीतर कोणी खेळणारच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात बंदुकीवर दुर्बीण लावायला परवानगीच नसते. बारीक छिद्रातून पाहून नेम धरायचा आणि ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे. कागदावर काढून रानात ५० पावलांवरून पाहा.