जूनमधलं टेबल

बीएमएसला प्रवेश हवा असेल तर आता सीईटी द्यावी लागते. ही अट आली २०२४ मध्ये. त्या वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी परीक्षा सुरू केली. अर्जाची मुदत एप्रिलमध्येच संपली. बारावीचा निकाल लागला २१ मे रोजी. आपल्याकडची बहुतेक मुलं पुढचा विचार निकाल हातात आल्यावर करतात; त्यांना तोवर उशीर झालेला होता. मे अखेरीस परीक्षा झाली, बसलेली मुलं जागांपेक्षा कमी भरली, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा सीईटी घेतली गेली. दरम्यान मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून तो बीकॉमच्या छत्राखाली नेला. तिथे सीईटीची अट नाही. हे ज्यांच्या कानावर गेलं त्यांचं काम झालं. जव्हार-मोखाड्याच्या किंवा मंडणगडच्या मुलाला हे सांगणार कोण होतं?

हा प्रश्न मला फार लागला, कारण नोकरीतल्या उमेदीच्या वर्षांत दर जूनमध्ये मी ते सांगायचं काम केलं आहे.

प्रवेशांच्या या गोष्टीसाठी मुंबई विद्यापीठाचा मागोवा रीतसर घ्यायचा तर १८ जुलै १८५७पासून घ्यावा लागेल. १८६२च्या पहिल्या पदवीधरांतले रानडे आणि भांडारकर, १९४९ मध्ये वेगळं झालेलं पुणे, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ निघाल्यावर तुटलेला पणजी-मडगावचा संबंध, हे सगळं नोंदलेलं आहे, मी पुन्हा लिहीत बसत नाही. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला, १९७७ मध्ये बारावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं पदवीच्या प्रवेशांत फारसं काही हललं नाही. फॉर्म घ्या, भरा, यादी बघा, फी भरा.

मी थांबणार आहे ते १९९६ नंतरच्या दशकापाशी. विद्यापीठाच्या नावातलं ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ आलं त्याच वर्षी उपनगरातल्या आमच्या कॉलेजात माझी प्रवेश समितीवर नेमणूक झाली. मी मराठीची प्राध्यापक. तळमजल्यावरच्या एका वर्गात बाकं जोडून टेबलं मांडलेली असत. एका टेबलावर कागदपत्रं तपासायची: गुणपत्रिका, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, दुसऱ्या बोर्डाचा विद्यार्थी असेल तर एलिजिबिलिटीचा फॉर्म, सगळ्याच्या अटेस्टेड झेरॉक्स. दुसऱ्या टेबलावर विषय ठरायचे. तिथे मी बसत असे.

त्या टेबलावर मुलांशी बोलणं व्हायचं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कणकवली-कुडाळकडची मुलं रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट आमच्यासमोर उभी राहू लागली, बरोबर मामा किंवा गाववाला. अशीच एक मुलगी आली. फॉर्मवर बीकॉम लिहिलेलं, कारण शेजारच्या ताईने बीकॉम केलं होतं. गुणपत्रिकेत संस्कृतला शंभरपैकी नव्वदच्या वर आणि बारावी कला शाखेतून. मी विचारलं, “बाळा, तुला वाचायला काय आवडतं?” मामा म्हणाले, “मॅडम, बीएला नोकरी लागत नाही.” मग त्यांच्याशी बोलले, मुलीशी बोलले, आमच्या संस्कृतच्या सरांना वर्गातून बोलावून घेतलं. दुपारपर्यंत फॉर्म बदलला. पुढे ती एमए, बीएड झाली, शिक्षिका झाली. तिची हुशारी तिचीच होती. तिची गुणपत्रिका मन लावून वाचणारं माणूस त्या दिवशी समोर होतं, एवढंच आमचं श्रेय. पण ते श्रेय मी सोडणार नाही.

त्या काळाला मी निर्मळ म्हणत नाही. इनहाऊसच्या नावाखाली संस्थेच्याच ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना आधी घ्यायचं, हा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटे आणि आजही वाटतो. सोळाव्या वर्षी अकरावीला कुठे नंबर लागला, त्यावर अठराव्या वर्षीची जागा ठरायची. त्यात विश्वस्तांच्या चिठ्ठ्या. तिसरी यादी लागायच्या आधीच जागा भरलेल्या असत, आणि काचेच्या फळ्यासमोर उभ्या मुलाला “कटऑफ इथेच बंद झाला” असं सांगायची पाळी आमच्यावर येई. मी दोनदा लेखी हरकत घेतली. पुढच्या वर्षी मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. तेव्हाच्या प्राचार्यांनी माझी बाजू घ्यायला हवी होती. त्यांनी ती घेतली नाही, हे आज लिहून ठेवते.

दुसरा घाव विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा. बीएमएस, बीएमएम, बीएस्सी आयटी एकामागून एक आले. फी साध्या बीएच्या कितीतरी पट, शिकवायला तासिका तत्त्वावरची तरुण मंडळी, त्यांना ना पगाराची शाश्वती ना सुट्टीची. कॉलेजांचं लक्ष तिकडे वळलं. अर्धमागधी गेली, तत्त्वज्ञान गेलं, संस्कृतचे सर निवृत्त झाल्यावर पद भरलंच नाही. विषयच उरले नाहीत, तेव्हा विषय ठरवायच्या टेबलाचीही गरज उरली नाही.

मग विद्यापीठाची ऑनलाइन पूर्वनोंदणी आली. उन्हातल्या रांगा आणि फॉर्मसाठी कॉलेज-कॉलेज हिंडणं थांबलं, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण इनहाऊस राहिलं, व्यवस्थापन कोटाही राहिला. फक्त टेबलामागचं माणूस उठलं. २०२१ मध्ये परीक्षेविना बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला, कटऑफ आकाशाला भिडले, आणि पोरं स्क्रीनवरची पीडीएफ यादी वर-खाली करत बसली. ओटीपी वडिलांच्या फोनवर, वडील कामावर. नाक्यावरचा सायबर कॅफेवाला पैसे घेऊन फॉर्म भरून देतो, आणि मेजर-मायनरमध्ये काय टाकायचं तेही तोच सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाने निवड वाढवली आहे. मुलांना ती समजावून सांगायचं काम मात्र कोणाकडेच सोपवलेलं नाही.

सीईटी ठेवा किंवा काढा, पण अर्जाची मुदत निकालानंतर पंधरा दिवस तरी उघडी राहू द्या. डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक तालुक्यातल्या एका कॉलेजात मे-जूनमध्ये दोन शिक्षक बसवा, मानधन देऊन. आमच्या पिढीतले निवृत्त प्राध्यापक यायला तयार आहेत. मी स्वतः डहाणूला जाऊन बसेन.