साहेब सोबत आले तेव्हा

१९५६ या एका सालात मराठवाड्यात दोन मोठे बदल झाले. १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. पुढे १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य संपलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता; त्याचा जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. महामंडळात विलीन झालेल्या २४५ विमा संस्थांचा धंदा मुख्यतः शहरांत होता, आणि राष्ट्रीयीकरणाच्या जाहीर हेतूंपैकी एक होता विमा खेड्यांपर्यंत नेण्याचा. कंधार, मुखेड, औसा, निलंगा अशा भागांत तो नेण्याचं काम ज्याच्याकडे आलं त्याला आधी फील्ड ऑफिसर आणि नंतर विकास अधिकारी म्हणू लागले. एजंटांच्या तोंडी तो डीओ साहेब. आजच्या भाषेत सेल्स मॅनेजर. या सात दशकांकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. एजंटांना खरी उभारी दिली ती त्यांच्या वाट्याला येणारा नकार अर्धा आपल्या अंगावर घेणाऱ्या साहेबांनी. असं करणं साहेबाला परवडावं, अशी त्याच्या नोकरीची बांधणी होती. जिथे ती बांधणी राहिली नाही, तिथे उभारी भाषणापुरती उरली.

ही बांधणी नीट पाहिली पाहिजे, कारण सगळं तिच्यात आहे. विकास अधिकारी पगारी, एजंट बिनपगारी. पण अधिकाऱ्याचा पगार, त्याची वेतनवाढ आणि प्रोत्साहनपर बोनस हे सगळं त्याच्या एजंटांनी आणलेल्या प्रीमियमवर अवलंबून. त्याच्यावर होणारा खर्च आणि त्याच्या गटाचा प्रीमियम यांचं प्रमाण बिघडलं की पहिली झळ त्यालाच. एजंटाचं गणित वेगळं होतं. पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं, पुढची दोन वर्षं त्याहून बरंच कमी, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं साधारण पाच टक्के. ठरावीक काळ काम झालेलं असेल, तर एजंटाच्या मागे त्याच्या वारसांनाही ते मिळत राहतं. म्हणजे आठ-दहा वर्षं टिकलेल्या एजंटाला या रिन्यूअल कमिशनचा आधार मिळतो, पण पहिली दोन वर्षं त्याच्याकडे असा आधार नसतो. ओळखीच्या माणसांच्या पॉलिसी झाल्या की नवी दारं ठोठावायची, आणि बहुतेक दारांतून नकार घेऊन परतायचं. एजंट सोडून जातो तो याच काळात. तो गेला की अधिकाऱ्याने त्याच्यावर घालवलेलं वर्ष वाया जातं. म्हणून त्याला या दोन वर्षांतून पार नेणं हे अधिकाऱ्याचं सगळ्यात मोठं काम होतं. ते करायची रीतही ठरून गेली होती. कोणत्या घरी जायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, पहिल्या भेटीत साहेबाने बोलायचं आणि एजंटाने ऐकायचं, दुसऱ्या भेटीत उलट. प्रपोजलचा फॉर्म शेजारी बसून भरायचा, मेडिकलसाठी माणसाला तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं, वयाचा दाखला नसला तर शाळेतून निर्गम उतारा मिळवायचा. आणि कुणी दगावलं, तर दाव्याची कागदपत्रं शाखेत अडू द्यायची नाहीत. हे शेवटचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मृत्युदाव्याचा चेक वेळेवर पोचला, की त्या गावात एजंटाचा शब्द चालतो. कुठल्याही बक्षीस समारंभातून एवढं बळ मिळत नाही.

आशावादी माणूस विमा जास्त विकतो, हे अमेरिकेत मोजून पाहिलं गेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९८०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीच्या एजंटांचा अभ्यास केला. आशावादाच्या चाचणीत वरच्या अर्ध्या भागात आलेल्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत खालच्या अर्ध्या भागातल्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला, आणि खालच्या भागातल्यांचं काम सोडून जाण्याचं प्रमाणही बरंच जास्त होतं. कंपनीने यावरून आशावादी माणसं निवडून घ्यावीत असा धडा घेतला. नांदेड-लातूरकडे पाहताना मला त्या अभ्यासातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. सेलिगमन यांच्या मते आशावाद म्हणजे अपयशाचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो ते. ‘मला हे जमणारच नाही’ हे एक कारण. ‘या घरात अजून सोयाबीनचे पैसे आलेले नाहीत, दिवाळीनंतर यावं’ हे दुसरं. नवख्या एजंटाला पहिलं कारण आपोआप सुचतं. दुसरं सुचायला त्या घराची, त्या पिकाची, त्या बाजार समितीची माहिती लागते, आणि ती असलेला माणूस नकाराच्या वेळी शेजारी बसलेला असावा लागतो. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या जवळपास १२,००० रोजच्या नोंदी तपासून २०११मध्ये जे मांडलं, तेही याच्याशी जुळतं. कामात थोडी का होईना प्रगती झाल्याचं दिसणं, हेच माणसाला सगळ्यात जास्त उभं करतं. व्यवस्थापकांना विचारलं, तेव्हा त्यांनी नेमकी हीच बाब यादीत शेवटी टाकली होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा सगळा स्वार्थ, याला प्रोत्साहन कसलं म्हणायचं? स्वार्थ होता, ते खरंच. पण दोघांचं हित एका दोरीत बांधलेलं होतं, आणि ती दोरी लांब होती. एजंट वीस वर्षं टिकण्यात ज्याचा फायदा आहे, त्याचा धीर देणारा शब्द मला अधिक भरवशाचा वाटतो. उद्या बदली होऊन जाणाऱ्याच्या गोड शब्दावर मी इतका विसंबणार नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मान्यच करायला हवा. मार्च एंडला टार्गेट भरायचं म्हणून कमिशनमधला वाटा ग्राहकाला देऊन पॉलिसी उतरवणं ही विमा बाजारातली जुनी खोड. १९३८च्या विमा कायद्याचं कलम ४१ अशी सूट देण्याला बंदी घालतं, तरी ती चालत आली. पहिला हप्ता असा भरलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी लॅप्स होते, ग्राहकाचे पैसे जातात आणि एजंटाचं नावही जातं. ‘अजून दोन केस टाका, तुम्ही एजंटांच्या मानाच्या क्लबात बसता’ असं म्हणत या खोडीला उत्तेजन देणारे अधिकारीही होते, आणि त्यांच्या बैठकीत टाळ्या जास्त वाजत. पण यातून प्रोत्साहनच खोटं ठरतं, असं मला वाटत नाही. ते कशाने मोजायचं, हे मात्र यातून ठरतं. तीन वर्षांनी किती पॉलिसी चालू आहेत आणि किती एजंट अजून काम करत आहेत, हे मोजावं. मार्चमध्ये किती प्रपोजल लॉगिन झाली, हा आकडा त्या कामाचा नाही.

२००० साली खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि पुढच्या दहा वर्षांत नांदेडच्या आणि लातूरच्या मुख्य रस्त्यांवर त्यांच्या शाखा दिसू लागल्या. त्यांनी पगारी सेल्स मॅनेजर आणले. चांगली, शिकलेली मुलं. त्यांच्यात दोष काढायचं कारण नाही. पण त्यांना महिन्याचा आकडा दिला गेला. युलिपच्या, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा योजनांच्या, चढत्या काळात देशातल्या एजंटांची संख्या ३० लाखांच्या जवळ गेली. १ सप्टेंबर २०१०पासून विमा नियामकाने युलिपवरील शुल्काला लगाम घातला, आणि काही वर्षांतच एजंटांची संख्या २२ लाखांच्या आसपास आली. महिनाभराच्या हिशोबावर काम करणाऱ्या मॅनेजरला एजंटाच्या दुसऱ्या वर्षाची काळजी करायला वेळ उरत नाही. त्याच्याजवळ उरतात सकाळची बैठक, व्हॉट्सॲपवरची अभिनंदनं, हॉटेलच्या हॉलमधली चेतवणारी भाषणं. दुसऱ्या टोकाला दरडावणी. २०२३च्या जूनमध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याने ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांना केलेला आरडाओरडा देशभर पाहिला गेला आणि बँकेला त्याला निलंबित करावं लागलं. भाषण आणि दरडावणी यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हींत मॅनेजर खोलीतच राहतो आणि दारावरचा नकार एजंट एकटा घेतो.

नुसत्या जोशाने काय होतं, हे मराठवाड्याला शिकवावं लागत नाही. झटपट दामदुप्पट देणाऱ्या, साखळीने माणसं जोडणाऱ्या योजनांचे मेळावे इथे तालुक्या-तालुक्यांत भरले. जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स समूहाच्या पीएसीएलला सेबीने २०१४च्या ऑगस्टमध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितलं, तेव्हा देशभर गावोगावचे एजंट आपल्याच नातेवाइकांना तोंड दाखवू शकेनात. त्यांना उत्साह कमी पडला नव्हता. तो भरपूर आणि नेमाने दिला गेला होता. अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक घ्या. तिथल्या शाखांत विक्रीचा जोश ही रोजची शिस्त होती. २०१६मध्ये ग्राहकांना न विचारता उघडलेली लाखो खाती उघडकीस आली, १८.५ कोटी डॉलरचा दंड बसला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढल्याचं बाहेर आलं. सकारात्मकतेचं जे शास्त्र सांगितलं जातं, त्यातही असंच घडलं. एका वाईट भावनेमागे सुमारे २.९ चांगल्या भावना असल्या की माणसं आणि संघ बहरतात, असं सूत्र २००५मध्ये मांडलं गेलं होतं. २०१३मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी त्यामागचं गणितच चुकीचं असल्याचं दाखवून दिलं. मॅनेजरांच्या प्रशिक्षणात तो आकडा मात्र बराच काळ फिरत राहिला.

उरतो तो सगळ्यात कठीण प्रश्न, आणि तो या मातीचा आहे. दुष्काळात प्रोत्साहन कशाचं द्यायचं? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्याआधीची दोन वर्षंही पावसाने ताण दिलेलीच होती. अशा वेळी ‘मनात आणलं तर होतं’ असं शेतकऱ्यांच्या घरी फिरणाऱ्या एजंटाला सांगणं निव्वळ निर्दयपणा आहे. तेव्हा चांगल्या साहेबाचं काम म्हणजे आकडा खाली आणणं, तो का खाली आला हे वरच्यांना पटवणं, आणि एजंटाला जुन्या पॉलिसी तगवण्याच्या कामी लावणं. शिक्षक, एसटी आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी यांच्या पगारातून कापून घेतल्या जाणाऱ्या हप्त्यांनी अशा वर्षांत बऱ्याच एजंटांना तारलं असावं. मुंबईच्या कार्यालयांचं वर्ष मार्चला संपतं, इथल्या घरांत पैसा येतो तो खरिपाची रास झाल्यावर. हा फरक ओळखून वर भांडणारा अधिकारी आपल्या माणसांना जेवढं बळ देतो, तेवढं पाठ थोपटणारा देऊ शकत नाही.

९ डिसेंबर २०२४ला पानिपतमध्ये सुरू झालेली आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दहावी झालेल्या बाईला पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० मानधन मिळतं. वर्षाला किमान २४ जणांचा विमा उतरवायचा असतो. पुढच्या वर्षांचं मानधन मिळण्यासाठी आधीच्या वर्षातल्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहाव्या लागतात. ही अट मला आवडते. टिकवण्याला भाव देणारी जुनी बांधणी तिच्यात नव्याने आली आहे, आणि पहिल्या दोन वर्षांचा उपासही बराचसा टळला आहे. पण मानधन नकार वाटून घेत नाही. मुखेडकडच्या किंवा निलंग्याच्या एखाद्या गावात संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी जाऊन पैशांचं बोलणाऱ्या बाईला विम्याखेरीजही बरंच काही ऐकावं लागतं. तिच्या पहिल्या वीस भेटींना कुणीतरी अनुभवी माणूस सोबत जायला हवा, शक्यतो दुसरी बाईच. विकास अधिकाऱ्यांत बायका फार थोड्या आहेत. सखींची संख्या वाढवायची घाई चालली असताना, त्यांच्यासोबत जाणाऱ्या बायका विकास अधिकारी म्हणून घेण्याकडे नांदेडच्या विभागीय कार्यालयाने आधी पाहावं.