डबल मार्कर: आकडा कसा वाचायचा?

गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत रक्ताची डबल मार्कर तपासणी होते. सोबत सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. डबल मार्कर हुकली तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर. त्यात मज्जारज्जूच्या व्यंगाचाही अंदाज येतो.

रिपोर्टवर ‘१ : २५०’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. अर्थ एवढाच, की असा आकडा आलेल्या २५० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता. उरलेल्या २४९ जणींच्या नाही. ही नुसती चाळणी. निदान होतं ते गर्भजलाच्या तपासणीने. शिवाय पाळीची तारीखच चुकीची सांगितली असेल, तर आकडाही भलताच येतो.

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड बायकांची खरी अडचण वेगळीच: दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि नेमके हे आठवडे फडावरच्या कोपीत सरतात. निघण्याआधीच आशाताईंना गाठलेलं बरं.

काही नव्या रक्ततपासण्यांत गर्भाचं लिंगही कळू शकतं, पण १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. गंभीर व्यंग असेल, तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ गर्भपाताला परवानगी देऊ शकतं.