गाडीलाही एक खोली हवी!

पहाटे सहाच्या सुमारास मी सडा घालायला अंगणात गेले. जानेवारीतली थंडी, धड उजाडलंही नव्हतं. रोज ह्यांच्या मोटारसायकलला वळसा घालून सडा टाकावा लागायचा. चाकावर शिंतोडे उडाले, की दिवसभर ऐकून घ्यावं लागे. त्या दिवशी निम्मं अंगण झालं आणि एकदम लक्षात आलं, की आज आपण वळसा घातलाच नाही.

गाडी नव्हती!

ही गोष्ट २०२० सालची, साताऱ्यातल्या आमच्या घरची. फाटक नीट लावलेलं. हँडलचं लॉक मोडताना पडलेला धातूचा एक तुकडा तेवढा फरशीवर सापडला. गाडी अंगणात सुरू केलीच नव्हती. रस्त्यापर्यंत ढकलत नेली असणार, म्हणून कुणाला चाहूल लागली नाही. शेजारी उभी असलेली मामंजींची जुनी येझदी मात्र जागच्या जागी. ती सुरू करायला चोराला आधी आमच्या ह्यांनाच उठवावं लागलं असतं! माझी स्कूटर पडवीत होती, म्हणून वाचली.

"विमा आहे ना पाच वर्षांचा, मग कशाला घाबरता?" असं मीच सगळ्यांना धीर देत होते. कागद काढून पाहिले आणि माझाच धीर सुटला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो हे खरं. पण तो असतो 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. आपल्या गाडीची चोरी त्यात येत नाही. चोरीचा भाग वेगळा, आणि आमच्या पॉलिसीत तो एकाच वर्षाचा होता. गाडी घेतली २०१८ च्या दसऱ्याला. पुढच्या दसऱ्याला तो भाग संपला होता आणि आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कर्जाचे हप्ते होते छत्तीस, फेडून झाले होते पंधरा. उरलेले एकवीस हप्ते आम्ही नसलेल्या गाडीचे भरले. दर महिन्याच्या पाच तारखेला ह्यांचा चेहरा पाहवत नसे. त्यात सासूबाईंचं पालुपद सुरूच : "सून पहाटे उठते म्हणे, मग चोर कसा दिसला नाही?"

पंचनाम्याला आलेले हवालदार जाता जाता म्हणाले, "वहिनी, चोराला कुलपाचं भय नसतं. त्याला दोनच गोष्टी लागतात, वेळ आणि आडोसा." ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. गाड्यांसाठी अंगणात एक पक्की खोली बांधायची ठरली, तेव्हा प्रत्येक गोष्ट मी त्याच वाक्यावर घासून पाहिली. टाळेबंदीमुळे काम रखडलं आणि २०२० च्या दिवाळीनंतर खोली उभी राहिली. माझी भिशी त्यात गेली, पण त्याची हळहळ वाटली नाही.

जागा तुम्ही ठरवा

ह्यांचं आणि मिस्त्रींचं एकमत होतं : खोली परसात, अगदी मागच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाखाली. "पुढून दिसायला नको." मी म्हटलं, "दिसायलाच हवी!" मागच्या कोपऱ्यात खोली म्हणजे चोराला आयता आडोसा. तिथे त्याने तासभर बसून कुलूप कापलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

आमची खोली स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. ओट्याशी उभी असताना दार दिसतं आणि रात्री झोपण्याच्या खोलीपर्यंत आवाज येतो. घराभोवती कुठे उजेड असतो, कुठे अंधार, दुपारी गल्ली कधी सुनसान असते, हे घरातल्या बाईइतकं कुणाला ठाऊक असतं? म्हणून जागेची निवड मिस्त्रींवर सोडू नका.

मात्र काम काढण्यापूर्वी नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. कुंपणालगत मोकळी सोडावी लागणारी जागा, म्हणजे सामासिक अंतर, त्यात बांधकाम केलं तर पुढे नोटीस येऊ शकते. सोसायटीत राहत असाल तर कमिटीची लेखी परवानगी हवी, भाड्याच्या घरात मालकाची.

माप आणि जमीन

मोटारसायकल साधारण सात फूट लांब असते, स्कूटर सहा फूट. पण गाडी मावली म्हणजे झालं असं नव्हे. ती स्टँडवर चढवायला आणि तुमची साडी न मळता बाजूने जायलाही जागा हवी. एका गाडीला रुंदीत साडेतीन फूट आणि लांबीत नऊ फूट धरा. दोन गाड्यांना ७ × ९ फूट, तीन गाड्यांना साडेदहा × ९. दार चार फुटांपेक्षा अरुंद नको.

जोतं अंगणापेक्षा चार ते सहा इंच उंच घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. खाली दगडांचं सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट आणि वरून कोबा. कोबा फार गुळगुळीत करू नका. ओल्या चाकांनी गाडी घसरते. निदान सात दिवस पाणी मारा. मिस्त्री तिसऱ्या दिवशीच "झालं ताई" म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. दाराबाहेरचा उतार लांब ठेवा. सहा इंच चढायला निदान तीन-चार फुटांचा उतार असला, तर बाईमाणसालाही एकटीने गाडी आत घेता येते.

काँक्रीट ओतण्यापूर्वीच एक काम करायचं, ते मागाहून होत नाही. चांगली जाड, १६ मिलिमीटरची सळई इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून तिचे दोन्ही पाय फूटभर खाली काँक्रीटमध्ये गाडून घ्या. वर राहिलेल्या कडीला गाडी साखळीने बांधायची. दर गाडीला एक कडी. दार फोडून आत आलेल्या चोरासमोर ही दुसरी अडचण उभी राहते आणि त्याचा वेळ जातो.

भिंती, पत्रा आणि दार

सगळीच खोली पत्र्याची केली तर स्वस्त पडते, पण पत्रा कात्रीने कापता येतो. आम्ही चार इंची विटांची भिंत आणि कोपऱ्यांना खांब घेतले. कोकणातल्या मैत्रिणींना जांभा आहेच. छप्पर पत्र्याचं चालेल, मात्र त्याखाली वेल्डमेशची जाळी ठोकून घ्या. पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकांचे नट बाहेरच्या बाजूला असतात आणि साध्या पान्याने निघतात. नट आवळल्यावर वर उरलेल्या आट्यांवर हातोडीचे दोन घाव घालायला सांगा, म्हणजे ते फिरत नाहीत.

दाराचं कुलूप महागातलं आणि कोयंडा चार स्क्रूवर लटकवलेला, असं पुष्कळ घरी दिसतं. मग चोर कुलपाला हातही लावत नाही, कोयंडाच उपटतो! कोयंडा आरपार बोल्टने बसवा, नट आतून घेऊन वेल्ड करा. दार बाहेर उघडणारं असेल, तर बिजागऱ्यांच्या खिळी बाहेरून ठोकून काढता येतात. त्यांची टोकंही वेल्ड करून टाका. कुलपाची दांडी जितकी कमी उघडी राहील तितकं बरं, म्हणजे कटरला जागा मिळत नाही.

साखळी नुसती पुढच्या चाकातून ओवू नका. चाक काढून बाकीची गाडी नेता येते. ती सांगाड्यातून किंवा मागच्या चाकातून न्या आणि आवळून बांधा. जमिनीवर लोळणारी साखळी फरशीवर ठेवून घणाने तोडायला सोपी जाते.

आणि किल्ल्या! आमच्या किल्ल्या पूर्वी पडवीतल्या खुंटीला टांगलेल्या असायच्या, खिडकीतून हात घातला की मिळतील अशा. आता त्या आतल्या कपाटात असतात.

वारा हवाच, ज्योत नको

सुरक्षित म्हणजे डबाबंद नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. म्हणून एका भिंतीत जमिनीपासून सहा इंचांवर आणि समोरच्या भिंतीत वर, छपराखाली, अशा जाळीच्या विटा बसवा. त्यांना आतून लोखंडी जाळी. वारा खेळता राहिला की वाफही साचत नाही आणि गाडीला गंजही कमी चढतो. गाडीवर प्लॅस्टिक घट्ट पांघरू नका, त्याखाली दमट राहतं. जुनं सुती पातळ त्यापेक्षा उत्तम.

खोली झाली, की घरातल्या सगळ्या अडगळीला तिथे पाय फुटतात. गॅसचं जादा सिलिंडर, पाणी तापवायचा बंब, इन्व्हर्टर, रद्दी यांतलं काही तिथे नको. बाटलीत पेट्रोल साठवू नका. दसऱ्याची पूजा गाड्या अंगणात काढून करा. निरांजन आणि उदबत्ती त्या खोलीत न्यायची नाही, दिवाळीची पणतीसुद्धा नाही.

विजेची स्कूटर असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र वायरिंग घ्या : १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एम.सी.बी., गळती होताच वीज तोडणारा आर.सी.सी.बी. आणि नीट अर्थिंग. घरातून लोंबती एक्स्टेन्शन ओढून चार्जिंग करू नका. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. लांबून आल्या आल्या, बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा.

कागदांची पिशवी

खोली कितीही पक्की केली तरी कागद कच्चे नकोत. आजच विम्याचा कागद काढा आणि 'ओन डॅमेज' हा भाग कुठल्या तारखेपर्यंत आहे ते पाहा. ती तारीख कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. आर.सी. आणि विम्याची प्रत, इंजिन व चॅसी नंबर, दोन्ही किल्ल्या यांची एक पिशवी करा. चोरी झाली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, बरं का!

चोरी लक्षात येताच पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे तक्रार मोबाइलसारख्या साधनावरूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तपास लागला नाही, तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' अहवाल देतात. विम्याच्या कामी तो कागद लागतो.

ज्यांना अंगणच नाही त्यांनी काय करावं? फ्लॅटच्या पार्किंगमध्येही कमिटीच्या परवानगीने जमिनीत कडी बसवता येते. आणि गाडी उजेडात, राखणदाराच्या नजरेसमोर लावणं तर फुकटच आहे.

आमचे एकवीस हप्ते २०२१ साली संपले आणि त्याच दसऱ्याला ह्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. पूजा झाल्यावर तिन्ही गाड्या ओळीने आत लावल्या आणि मी दार ओढलं. ते असं काही करकरलं की शेजारच्या काकू खिडकीत आल्या! हे तेलाचा डबा घेऊन उठले, तोच सासूबाईंनी त्यांना अडवलं. "राहू दे तसंच. मला झोप लागत नाही रात्रीची. दार वाजलं की मी ऐकेन."

तेव्हापासून त्या बिजागऱ्यांना तेल लागलेलं नाही. आणि 'चोर कसा दिसला नाही' हे पालुपदही त्या दिवसापासून बंद झालं.