आटवण्यापूर्वी एकदा पाहा: चांदीच्या जुन्या रुपियाचे मोल कसे ठरते?

लक्ष्मीपूजनाच्या तबकात किंवा आजीच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतील चांदीचा रुपिया आजही गोव्यातील अनेक घरांत आढळतो. चांदीचे भाव चढले की ही नाणी सोनाराकडे जातात, वजनावर विकली जातात आणि आटवली जातात. एकदा आटलेले नाणे परत मिळत नाही. म्हणून धातू, दुर्मीळता आणि स्थिती या तीन अंगांनी त्याची पारख आधीच व्हायला हवी.

प्रथम धातू. राजा दों लुईश याची मुद्रा असलेले १८८१ व १८८२ चे रुपिये ब्रिटिश रुपयाच्याच मापाचे, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम) वजनाचे आहेत. त्यांची शुद्धता ९१.७ टक्के असल्याने प्रत्येकात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९३५ चा रुपिया १२ ग्रॅमचा आणि तितकाच शुद्ध. त्यात ११ ग्रॅम चांदी आहे. १९४७ चा रुपियाही १२ ग्रॅमचाच, पण त्यातील चांदी निम्मी, अवघी ६ ग्रॅम. १९५२ च्या रुपियात तर तांबे आणि निकेल आहे, चांदी मुळीच नाही. दर्शनी किंमत एकच असली तरी साल पाहिल्याशिवाय हिशेब करता येत नाही.

धातूची किंमत हा केवळ तळ होय. संग्राहक त्यावर जे अधिक मोजतो, ते दुर्मीळतेसाठी. मात्र जुने ते दुर्मीळ, हा समज चुकीचा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत छापले जात होते. त्यामुळे ते मुबलक आढळतात. उलट पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवण्यात आली. वाचलेल्यांना म्हणूनच मागणी आहे.

तिसरे अंग स्थितीचे. अक्षरे व चेहऱ्यावरील बारकावे जितके ठळक, तितके मोल अधिक. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याचे मोल घटते. चांदीवर चढलेला काळसर थर हा दोष नव्हे. चिंच, राख किंवा रांगोळीने नाणे घासल्यास चकाकी येते, पण पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाणे उतरते.

विक्री करतानाही सावधगिरी हवी. नाणे लोहचुंबकाला चिकटले, तर ते चांदीचे नाही. वजनात मोठी तूट असेल, तरी संशय घ्यावा. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देतो म्हणत आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये इशारा दिला होता. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत.

तेव्हा सोनाराच्या तराजूपूर्वी एखाद्या जाणकार नाणेसंग्राहकाला नाणे दाखवावे. तो केवळ धातूचाच भाव सांगेल, तर विकण्याची वाट मोकळीच आहे.