डोक्याला मार लागला, पण रक्त नाही आलं

ताई, शाळांमध्ये कबड्डी-खोखोचे सामने सुरू झाले की गटाच्या मीटिंगमध्ये पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांच्या गोष्टी निघतात. डोकं आपटल्याचं मात्र कोणी सांगत नाही. टेंगूळ आलं, हळद लावली, झालं!

टेंगूळ बाहेर दिसतं. पण जोराचा झटका बसला की कवटीच्या आत मेंदू हादरतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. पकडीत दोघींची डोकी आपटली, पाठीवर पडून मान हिसडली, तरी होतं. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही.

"चालत घरी आली ना, मग काही नाही," असं आपण म्हणतो. १९९८ मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता जवळ उभे होते, चेंडू डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी वारले. आत रक्तस्राव झाला होता. असं क्वचितच होतं, बहुतेक मुलं आरामाने बरी होतात. पण कोणतं पोर कोणतं, हे मैदानावर ओळखता येत नाही.

म्हणून त्या दिवशी खेळ बंद म्हणजे बंद. एकटं सोडू नका. डोकं दुखतं का, गरगरतं का, उजेड नकोसा वाटतो का, तेच तेच विचारते का, हे पाहा. एरवीची बडबडी पोरगी गप्प झाली, तर ते आईलाच आधी कळतं. काही त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होतो.

वारंवार उलटी, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, बोबडी वळणं, हातापायात कमजोरी, उठवूनही न उठणं, यातलं एकही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन लावा. बेशुद्ध असेल तर मान हलवू नका, तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. मनाने दुखण्याची गोळीही देऊ नका.

मुली त्रास लपवतात, कारण टीममधून नाव कटेल ही भीती. मला ही भीती मारापेक्षा जास्त खटकते. आता मोठ्या क्रिकेटमध्येही २०१९ पासून असा मार लागला तर बदली खेळाडू घेता येतो; २०२० मध्ये जडेजाच्या जागी चहल आला होता. हे पोरीला सांगा.

पीटीच्या सरांनाही दुसऱ्याच दिवशी कळवा. एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी चालणं, मग हलकं पळणं, आणि चढाई-पकड सगळ्यात शेवटी.