खंदारीच्या काठचं रान

जबलपूरच्या सदर बाजारातून निघून डुमना विमानतळाच्या रस्त्याला लागलं, की दुकानं विरळ होत जातात आणि झाडी दाटते. शहराच्या मध्यापासून जेमतेम दहा किलोमीटरवर १०५८ हेक्टरांचं डुमना नेचर रिझर्व पसरलं आहे. इथे चितळं आहेत, रानडुकरं, कोल्हे, साळिंदरं आहेत. बिबट्याही दिसल्याच्या नोंदी आहेत. आणि हे सगळं वनखात्याच्या नव्हे, जबलपूर महानगरपालिकेच्या ताब्यात आहे!

याचं मूळ पाण्यात आहे. १८८३ साली इथे खंदारीचं धरण बांधलं गेलं ते जबलपूरची तहान भागवायला. पिण्याच्या पाण्याचा तलाव टिकवायचा तर त्याच्या पाणलोटात वस्ती नको, झाडी हवी. मुळं माती धरून ठेवतात, पाऊस जिरवतात; उतार उघडा पडला की गाळ थेट तलावात येतो. सहलीची जागा म्हणून डुमना नावारूपाला आलं ते पुष्कळ नंतर. टॉय ट्रेन, मुलांची बाग, नौकाविहार, गळ टाकून बसायचे ओटे, मुक्कामाला तंबू, हे सगळं त्या जुन्या गरजेच्या आश्रयाने उभं राहिलं.

पोहायला मात्र सक्त मनाई. जलाशयात मगरी आहेत.

प्रत्येक ऋतूत इथे वेगळं काही करण्यासारखं असतं. थंडीत दुर्बीण घेऊन पाणपक्षी पाहावेत. फाल्गुनात पळस पेटतो, पाठोपाठ मोह टपकू लागतो; तेव्हा पायवाटांवर सकाळी लवकर चालावं. वैशाखात पानगळीचं हे जंगल उघडंबोडकं होतं, पण नेमकी तेव्हाच जनावरं दिसतात, कारण आडोसा कमी आणि पाण्याची ओढ जास्त. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तो दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मग सागाला पांढरट तुरे येतात आणि मुलांना टॉय ट्रेनमध्ये बसवायला आलेली माणसंही खिडकीबाहेर बघू लागतात.

मुलांसाठी आगगाडी असावीच. तिच्या ओढीने घरंच्या घरं रानात येतात. पण यापुढे इथे पैसा खर्च व्हायला हवा तो पायवाटा, पहारा आणि वणवा रोखण्यावर. नवी बांधकामं शहरात कुठेही होतील. चितळांना पाण्यापर्यंत यायला मोकळा उतार लागतो, आणि तो खंदारीच्या काठीच हवा.